टक

फोन लागला तेव्हा फाउस्तिनो कलामाच्या खाणीत
रात्रपाळी संपवून बूट काढत होता.
मी नाव सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.
"गाडी चालू होत नाही," एवढंच म्हटलं,
तीन वर्षांनी.

"स्टार्टर फिरतो?"
फिरतो.
"कसा? झटक्यात, की कण्हत?"
झटक्यात. बॅटरी रात्रभर चुलीपाशी होती,
घोंगडीत गुंडाळलेली, आजारी करडासारखी.
"धूर?"

शेजारचा एलिओदोरो चावी फिरवत होता,
त्याचे पाय अजून पेडलला पोचत नाहीत.
मी मागे जाऊन सायलेन्सरवर तळहात धरला.
"पांढरा? काळा?"
कसलाच नाही. नुसती गार हवा, रिकामी.
"मग उगाच थंडीला शिव्या देऊ नकोस.
डिझेल जळत नसतं, तर पांढरा धूर आला असता.
ते पोचतच नाहीये."

नंतर म्हणाला, चावी नुसती ऑनवर घे,
आणि फोन पंपाजवळ धर.
मी बोनेटखाली वाकले. उजाडत होतं,
कोइपासाचं मिठागर निळं पडलेलं,
वारा थांबलेला. तो तिकडे श्वास धरून.
टक.
"पुन्हा."
टक.
"सॉलेनॉइड शाबूत आहे," तो म्हणाला,
तेव्हा आवाज जरा खाली बसला होता.

फिल्टरच्या डोक्यावरचं बटण मी दाबत राहिले.
वीसदा. पन्नासदा. अंगठ्याची धग संपली.
"कडक होतंय?"
नाही. आटलेल्या कासेसारखं आहे,
हाताला काही लागतच नाही.
"कुठेतरी हवा ओढतेय. खाली शीर."

खाली शिरले. इथलं मीठ
खाल्ल्याला जागत नाही, उलट तेच खातं:
पत्रा, नट, दाराची बिजागरी.
टाकीपासून हात चाचपत पुढे आले,
आणि चॅसिसच्या वळणावर, रबरी नळीला,
सायकलच्या ट्यूबची पट्टी लागली,
भेगाळलेली, वर तांब्याची तार.

"काय दिसतंय?"
ट्यूब. तार. सात वेढे.
फोनमध्ये कुठेतरी बस सुरू झाली, निघून गेली.
"टोक आत वळवलंय का? हाताला टोचू नये म्हणून?"
हो.
"मग ते माझंच.
बाबांना ओरुरोला नेलं, त्याच्या आदल्या रात्रीचं.
तात्पुरतं होतं ते."

मी काही बोलले नाही.
तार सोडवून एप्रनच्या खिशात टाकली.
नळीला दोन बोटं ढील होती.
चिरलेला भाग मेंढ्यांच्या कात्रीनं कापला,
उरलेली ओढून बसवली, क्लॅम्प आवळला.
तोंडात डिझेल आलं, थुंकले,
तर तो म्हणाला, "गिळू नकोस हं,"
अगदी लहानपणी म्हणायचा तसं.

बटण बाविसाव्या दाबाला कडक झालं.
मग सतराचा पाना, इंजेक्टरचे नट अर्धा आटा सैल,
एलिओदोरोची चावी,
आधी फेस, मग बुडबुडे,
मग स्वच्छ, तांबूस, सरळ धार.
नट आवळले. पुन्हा चावी.

खोकली. थांबली.
परत खोकली,
आणि पांढऱ्या धुराचा एवढा लोट सुटला
की लामा कुंपणाच्या त्या टोकाला पळाले.

"तिसरा सिलिंडर अडखळतोय."
मला नाही जाणवत.
"मला इथे ऐकू येतंय. तापला की सुटेल.
किती चढवायचेत?"
अकरा.
"मागच्या डाव्या चाकातली हवा बघ."

मी फोन डॅशबोर्डवर ठेवला,
कार्निव्हलच्या रंगीत कागदांच्या चुऱ्यात,
जो फटींतून कधीच निघत नाही.
एलिओदोरोनं विचारलं, "कोण आहे?"
मेकॅनिक, मी म्हटलं,
आणि हवा बघायला उतरले.
फोन चालूच होता.